चढाला गाडी दम टाकते? पंप उतरवण्याआधी डिझेलचं प्रेशर मोजा

सपाट रस्त्यावर नीट पळणारी जुनी टाटा १६१३ घाटाला लागली की एकेक गिअर खाली येते. पेडल तळाला टेकलेलं असतं, पण इंजिन पुढे रेस घेत नाही. सायलेन्सरमधून धूरही फारसा नसतो. अशा गाडीचा मायको पंप, म्हणजे नोझलना जोरात डिझेल पोचवणारा इंजेक्शन पंप, सर्वांत आधी उतरवून कॅलिब्रेशनला (बेंचवर मोजून जुळवायला) पाठवला जातो. पंप परत येतो, हजारो रुपये जातात आणि पुढच्याच फेरीत घाटात गाडी पुन्हा बसते. दोष पंपात नसतोच. तो टाकी आणि पंप यांच्यामधल्या काही फुटांत कुठेतरी असतो, आणि तिथे एक साधं प्रेशर गेज कुणी लावलेलं नसतं.

हा लेख इनलाइन पंपाच्या (ज्यात प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर एका रांगेत असतो) जुन्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे टाटाचं ६९७ इंजिन (सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणून ६९७), त्याआधीचं ६९२, आणि त्या पठडीतली बाकीची इंजिनं. बेंगळुरूच्या मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण गॅरेजमध्ये तो पंप आजही ‘मायको’च आहे. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या नव्या गाड्यांची आकडेवारी आणि पद्धत वेगळी असते, त्यांना यातलं काही लावू नका.

आधी डिझेलचा प्रवास डोळ्यांसमोर आणा

टाकीतल्या सक्शन नळीतून डिझेल निघतं, पाइपातून फीड पंपाकडे येतं. फीड पंप मायको पंपाच्या कुशीलाच बसवलेला असतो आणि त्याच्याच कॅमशाफ्टवर चालतो. हाताने मारायचा प्रायमर त्याच्या डोक्यावर असतो आणि खाली जाळीची वाटी. तिथून डिझेल दोन फिल्टरांतून जातं, आधी कापडी किंवा फेल्टचा, मग कागदी, आणि शेवटी मायको पंपाच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या डिझेलच्या खोलीत, पोचतं. गॅलरीत लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल येतं. जास्तीचं ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून रिटर्न पाइपाने टाकीत परत जातं. हा व्हॉल्व्ह काही गाड्यांत पंपावर असतो, काहींत फिल्टरच्या डोक्यावर.

फीड पंपाच्या अलीकडचा सगळा भाग सक्शनचा, पलीकडचा प्रेशरचा. पुढची सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे. प्रेशरच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं, धूळ ओली होते, डोळ्यांना दिसतं. सक्शनच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जॉइंट कोरडा ठणठणीत दिसतो आणि तरी तोच गुन्हेगार असतो. ‘कुठेच लीक नाही’ म्हणून सक्शन पाइप सोडून दिला की दिवसच्या दिवस फुकट जातात.

फीड पंपाची एक खुबी लक्षात ठेवा. कॅम प्लंजरला दाबतो तेव्हा फक्त स्प्रिंग आवळली जाते आणि डिझेल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं. ते फिल्टरकडे ढकलण्याचं खरं काम परतीच्या वेळी स्प्रिंग करते, आणि त्याच वेळी टाकीकडून नवं डिझेल ओढलं जातं. म्हणून प्रेशर किती चढणार हे स्प्रिंगवर ठरतं. वीस-पंचवीस वर्षांची थकलेली स्प्रिंग असेल तर बाकी सगळं नवं असूनही गेज वर जात नाही.

आयडलला ठीक आणि लोडला खलास, असं का?

हिशोब सोपा आहे. १३० हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण २५ लिटर डिझेल जाळतं, म्हणजे मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या घरात. आयडलला तेच इंजिन तासाला दीड-दोन लिटरवर भागवतं. अर्धी चोक झालेली जाळी आयडलची गरज सहज पुरी करते. घाटात गरज बारा-पंधरापट झाली की तीच जाळी गळा आवळते. त्यामुळे यार्डात उभी गाडी रेस करून ‘प्रेशर ओके’ म्हणणं कामाचं नाही. रिकाम्या रेसला इंजिन फिरतं जोरात, पण डिझेल फार पीत नाही.

गेज लावण्याआधीची पंधरा मिनिटं

पॉवर कमी म्हणजे डिझेलच कमी, असं धरून चालू नका. धूर बघा.

लोडवर काळा धूर आणि पॉवर कमी असेल तर डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही किंवा नोझल नीट फवारत नाहीत. एअर क्लीनर, टर्बोचे होज, नोझल ही तिथली यादी. पॉवर कमी आणि धूर जवळजवळ नाहीच, तर इंजिन उपाशी आहे आणि हा लेख तुमच्या कामाचा आहे. पांढुरका धूर, मिस फायर आणि रेस वरखाली होणं एकत्र दिसलं तर डिझेलमध्ये हवा असण्याची शक्यता मोठी.

मग एकाला केबिनमध्ये पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते स्वतः बघा. रॉड वाकलेला, बुश झिजलेला किंवा पेडलखाली मॅट जाड असेल तर लिव्हर थोडा अलीकडेच थांबतो आणि त्याचं दुखणं डिझेलच्या तुटवड्यासारखंच दिसतं. इंजिन बंद करायची केबल पूर्ण परत येते का, हेही बघा. गंजलेली केबल स्टॉप लिव्हरला किंचित ओढून धरते. टर्बो गाडीत बूस्टचा बारीक पाइप मॅनिफोल्डवरून पंपाच्या मागच्या डायफ्रामला जातो. तो फुटला असेल तर बूस्ट येऊनही पंप डिझेल वाढवत नाही, आणि धूर न काढता गाडी मंद राहते. ज्या जुन्या पंपांवर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर आहे, तिथे डायफ्राम किंवा त्याचा पाइप फाटला की रेस वरखाली होते.

शेवटी चाकं हाताने फिरवून ब्रेक धरून राहत नाही ना, तेवढं बघा. गरम झालेला एकच ड्रम सगळी तपासणी भलतीकडे नेऊ शकतो.

हा प्रायमर फुकटचं गेज आहे

इंजिन बंद. प्रायमरची मूठ आटे सोडून मोकळी करा आणि सावकाश मारायला लागा. हाताला काय लागतं त्यावर अर्धं निदान होतं.

चांगल्या गाडीत काही झटक्यांनंतर मूठ कडक होते आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह उघडल्याचा कुरकुर आवाज येतो. मूठ वर ओढताना जड लागते आणि सोडल्यावर आपोआप खाली ओढली जाते, तर सक्शन चोक आहे. वाटीची जाळी, पाइप, टाकीतली नळी यांपैकी काहीतरी. खाली दाबतानाच पहिल्या-दुसऱ्या झटक्यापासून दगडासारखी कडक, तर पुढची वाट बंद आहे, बहुधा फिल्टर. पन्नास झटके मारूनही मूठ पोकळच, दोन्हीकडे काहीच ताकद नाही, तर सक्शन हवा ओढतंय किंवा फीड पंपाचे आतले दोन व्हॉल्व्ह बसत नाहीत.

सकाळी एक वेगळी चाचणी करा. रात्रभर उभी गाडी सुरू करण्याआधी प्रायमर मारा. रोज खूप वेळ सेल (सेल्फ स्टार्टर) मारावा लागत असेल आणि त्या दिवशी पहिल्याच सेलला गाडी लागली, तर रात्री डिझेल उलटं टाकीकडे उतरतं आहे. दोष फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सक्शनच्या बारीक गळतीत असणार.

काम झाल्यावर मूठ पूर्ण खाली दाबून आटे आवळायला विसरू नका. मोकळी राहिलेली मूठ स्वतःच हवा ओढते.

गेज कुठे आणि कसं लावायचं

० ते ४ किलोचं गेज घ्या. इथे किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो, १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय. ब्रेकच्या हवेचं १० किलोचं गेज चालणार नाही. आपला सगळा खेळ दीड किलोच्या आत आहे आणि त्या गेजवर तेवढ्यात काटा हललेलाही कळत नाही. फीड पंप ठोक्याठोक्याने डिझेल देतो, त्यामुळे काटा थरथरतो. ग्लिसरीन भरलेलं गेज घ्या किंवा गेजच्या आधी छोटा कॉक बसवून तो जवळजवळ मिटा.

गेजसाठी दोन जागा आहेत. पहिली फीड पंपाच्या आउटलेटला, म्हणजे फिल्टरच्या आधी. दुसरी मायको पंपाच्या इनलेटला, म्हणजे फिल्टरच्या नंतर. दोन्हीकडे बॅन्जो बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोटातून डिझेल जातं असा पोकळ बोल्ट, असतो. तिथे टॅपिंग असलेला लांब बॅन्जो बोल्ट लावला की गेज जोडता येतं. प्रत्येक जॉइंटला दोन वायसर (वॉशर) लागतात, बॅन्जोच्या वर एक आणि खाली एक. तांब्याचे वायसर नवेच घाला. नवे मिळालेच नाहीत तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होतात. न तापवता उलटे करून घातलेला वायसर इथे भरवशाचा नाही.

रस्त्यावर मोजायचं असेल तर डिझेल भरलेली नळी केबिनमध्ये घेऊ नका. नळी सुटली तर डिझेल ड्रायव्हरच्या पायावर आणि गरम भागावर उडतं. बॉनेटची गाडी असेल तर गेज काचेसमोर बाहेर घट्ट बांधा आणि नळी मॅनिफोल्ड व सायलेन्सरपासून दूर ठेवा. केबिनमध्ये इंजिन असलेल्या गाडीत यार्डातल्याच चाचण्यांवर भागवा.

आता आकडे. या पंपांवर ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह साधारण १ ते १.५ किलोला उघडतो, म्हणून गॅलरीतलं प्रेशरही त्याच्या आसपास राहायला हवं. पण प्रत्येक पंपाच्या प्लेटवर नंबर असतो आणि त्या नंबरची टेस्ट शीट कॅलिब्रेशनवाल्याकडे मिळते. शेवटचा शब्द तिचा. कमिन्स ६ बीटीच्या काही पंपांना याहून जास्त प्रेशर लागतं. शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

चार वेळा मोजा आणि लिहून ठेवा: सेल मारताना, गरम इंजिनच्या आयडलला, पूर्ण रेसला, आणि भरलेल्या गाडीने चढावर पूर्ण पेडल असताना. सेल एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये दोन मिनिटं थांबा, नाहीतर सेल्फच जळेल.

या आकड्यांचा अर्थ असा लावा:

– आयडलला बरोबर, लोडवर घसरतं: कुठेतरी वाट अरुंद आहे. सक्शन किंवा फिल्टर.
– आयडललाच कमी, रेस केल्यावर सुधारतं: फीड पंप झिजलेला, किंवा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह मिटत नाही.
– फिल्टरच्या आधी चांगलं, नंतर कमी: दोन्हींतला फरक ०.३५ किलोपेक्षा जास्त असेल तर फिल्टर बदला, बाकी विचार नंतर.
– दोन्हीकडे कमी: दोष फिल्टरच्या मागे आहे, किंवा सगळं डिझेल ओव्हरफ्लोतून निसटतं आहे.
– काटा वेड्यासारखा उड्या मारतो, मध्येच शून्याला जातो: हवा.
– चढावरही प्रेशर जागेवर आणि तरी पॉवर नाही: डिझेलची पुरवठ्याची बाजू निर्दोष आहे. आता नोझल, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, टायमिंग आणि मग मायको पंप. पंप बेंचवर न्यायची वेळ ही.

ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह दोन मिनिटांत तपासा

हा भाग सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित, म्हणून फीड पंपाला हात लावण्याआधी तो बघा. आत एक बॉल आणि एक स्प्रिंग, बस. बॉलखाली कचरा अडकला किंवा स्प्रिंग तुटली की डिझेल अडवणारं कुणी उरत नाही आणि गॅलरीत प्रेशर उभंच राहत नाही.

आयडलला गेज बघत रिटर्नचा रबरी पाइप पकडीने क्षणभर दाबा. प्रेशर झटकन वर गेलं तर फीड पंप ताकदीचा आहे आणि दोष ओव्हरफ्लो व्हॉल्व्हचा. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह निर्दोष, मागे जा. पाइप पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका, आणि तो जुना, तडकलेला असेल तर ही चाचणी करूच नका.

इथे एक चूक वारंवार सापडते. मागच्या कामात ओव्हरफ्लो व्हॉल्व्हच्या जागी साधा पोकळ बॅन्जो बोल्ट लावलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. बोल्ट काढून फुंकून बघा. दोन्हीकडून फुंकर आरपार जात असेल तर तो व्हॉल्व्ह नाही किंवा व्हॉल्व्ह मेलेला आहे. स्प्रिंग ताणून प्रेशर वाढवण्याचा उपाय करू नका. आठवड्याभरात ती पुन्हा बसते, आणि तोवर गेज खोटं समाधान देतं. रिटर्न कायमचा बंद करणंही चूक. फिरतं डिझेल गॅलरीतली उष्णता आणि हवेचे बुडबुडे बाहेर नेत असतं, ती सोय जाते.

सक्शनची बाजू

हा सगळ्यांत किचकट भाग आहे आणि घाटात बसणाऱ्या गाड्यांचं दुखणं बहुतेक वेळा इथेच निघतं.

टाकीचं झाकण उघडा. ‘स्स्’ असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं आहे. टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि फीड पंप त्याच्याशी झगडत राहतो. झाकण बदलून प्लास्टिकची पिशवी बांधलेली असेल तर हा दोष ठरलेलाच.

यानंतर कॅनची चाचणी. स्वच्छ डिझेलचा १० लिटरचा कॅन घ्या. फीड पंपाच्या इनलेटला नवी, शक्यतो पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी लावून तिचं दुसरं टोक कॅनच्या तळापर्यंत सोडा. रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये, तोंड डिझेलखाली बुडवून ठेवा. कॅन टाकीच्याच उंचीवर ठेवायचा. बॉनेटवर ठेवलात तर डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि कमजोर फीड पंपही चांगला दिसतो. कॅन घट्ट बांधा, सायलेन्सरपासून लांब, आणि जवळपास बिडी-सिगारेट नको. ही चाचणी यार्डातच, रस्त्यावर नाही.

एअर काढून (क्रम पुढे दिला आहे) इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा. प्रेशर सुधारलं आणि रिटर्नमधले बुडबुडे थांबले, तर फीड पंप निर्दोष आहे, दोष टाकी किंवा तिच्या पाइपात. फरक पडला नाही तर फीड पंपाकडे वळा. यार्डात पूर्ण लोड येत नाही हे लक्षात ठेवून शक्य असेल तर इनलेटला व्हॅक्यूम गेजही लावा. मूळ टाकीवर पूर्ण रेसला १०० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त ओढ दिसली तर वाट चोक आहे.

दोष टाकीकडे ठरला की लक्षणांवरून जागा शोधा. टाकी भरलेली असताना गाडी उत्तम आणि अर्ध्याखाली आली की हवा घेते, तर टाकीतली सक्शन नळी वरच्या वेल्डिंगजवळ तडकली आहे. डिझेलची पातळी तड्याच्या खाली गेली की नळी हवा ओढते. दहा-पंधरा मिनिटं नीट चालून गाडी बंद पडते, थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा लागते, असं चक्र असेल तर टाकीत एखादा तरंगता तुकडा आहे. चिंधी, प्लास्टिकचं सील, गंजाचा पापुद्रा. ओढीने तो नळीच्या तोंडाला चिकटतो आणि ओढ थांबली की सुटतो. अशा वेळी टाकी उतरवून धुण्यावाचून इलाज नाही. फक्त नळीतून उलटी हवा मारली तर तुकडा टाकीतच राहतो आणि दोन दिवसांनी परत येतो.

रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसला तरी बदला. आतला थर सुटून त्याची जीभ तयार होते. हळू ओढीला ती बाजूला राहते, जोराच्या ओढीला पाइप बंद करते. गरम झाल्यावर चपटा होणारा मऊ पाइपही तसाच. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं. डिझेलची घडण बदलली की जुन्या नायट्राइल रबराच्या रिंगा आकसतात आणि वर्षानुवर्षं न गळलेले जॉइंट हवा घ्यायला लागतात. अशा गाडीत सक्शनच्या सगळ्या रिंगा आणि वायसर एकदाच बदलून टाकावेत. एकेक करून शोधत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

बारीक गळती शोधायची असेल तर सक्शन पाइप टाकीकडून आणि फीड पंपाकडून सोडा, एक टोक बंद करा, दुसऱ्याकडून अर्धा किलो हवा द्या आणि प्रत्येक जॉइंटला साबणाचा फेस लावा. फुगा दिसेल तिथे दोष. कॉम्प्रेसरची सात-आठ किलोची हवा थेट टाकीत कधीही सोडू नका. टाकी फुटते. प्रायमरच्या बुडाशी शंका असेल तर तिथे जाड ग्रीस थापा. पारदर्शक नळीतले बुडबुडे कमी झाले तर प्रायमरची रिंग गेली आहे.

फीड पंप खोलताना

उतरवण्याआधी इंजिनचं डिपस्टिक काढून वास घ्या. मायको पंपाला इंजिनचंच ऑइल जात असेल आणि फीड पंपाचा पुशरॉड झिजला असेल, तर डिझेल त्याच्या कडेने कॅमच्या खोलीत उतरतं आणि तिथून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइलमध्ये. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली, ऑइल पातळ आणि डिझेलचा वास, असं असेल तर गाडी तशीच चालवू नका. बेअरिंगं जातात. फीड पंप बदला, ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदला.

भोवतीची माती ब्रशने आणि डिझेलने आधी धुवा. वाटीची जाळी काढून उजेडासमोर धरा. नुसती धुतल्यावर न सुटणारा तपकिरी चिकट थर असेल तर जाळी बदला. दोन्ही व्हॉल्व्ह काढून त्यांची बैठक बघा. खड्डा किंवा एका बाजूला झीज दिसली तर नवे घाला. स्प्रिंग नव्या किटमधल्या स्प्रिंगशेजारी उभी करून उंची जुळवा. प्लंजर बोअरमध्ये घालून बघा. तो सैल खेळत असेल किंवा बोअरमध्ये उभे ओरखडे असतील तर किट घालून उपयोग नाही, अख्खा फीड पंप घ्या. रोलर टॅपेट झिजला असेल तर स्ट्रोक कमी पडतो, तोही तपासा.

परत बसवताना फ्लँज सहज टेकला पाहिजे. टेकत नसेल तर कॅमचा उंचवटा रोलरखाली आला आहे. इंजिन थोडं हाताने फिरवा. नट आवळून ओढून बसवलं तर टॅपेट किंवा फ्लँज तुटतो.

फिल्टर आणि एअर काढणं

फिल्टर जोडीनेच बदला आणि क्रम चुकवू नका, पहिला कापडी, दुसरा कागदी. उलटे लागले तर कागदी काही दिवसांत भरतो. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने वरून भरून लावू नका. ते डिझेल गाळलेलं नसतं आणि दुसऱ्या फिल्टरात ओतलं तर थेट मायको पंपात जातं. तिथे प्लंजर आणि बॅरलमध्ये अवघ्या दोन-तीन मायक्रॉनची जागा असते. प्रायमरनेच भरा, वेळ लागला तरी.

एअर काढण्याचा क्रम डिझेलच्या प्रवासाचाच. पहिल्या फिल्टरचा स्क्रू सोडा, बुडबुडे संपून अखंड धार येईपर्यंत प्रायमर मारा, धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग मायको पंपाच्या गॅलरीचा स्क्रू. गाडी तरीही लागली नाही तर दोन-तीन नोझलचे हाय प्रेशर नट अर्धा आटा सैल करून सेल मारा आणि डिझेल आलं की आवळा. हे करताना बोटं लांब ठेवा. चालू इंजिनवर २०० किलोच्या पुढचा फवारा कातडीतून आत शिरतो, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा, आणि डिझेल टोचलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पावसाळ्यातलं पाणी

जून ते सप्टेंबर प्रेशरच्या तक्रारींत पाण्याचा वाटा असतोच. पाणी डिझेलपेक्षा जड, रात्रभरात टाकीच्या तळाशी बसतं. सकाळी गाडी हलवण्याआधी टाकीचा ड्रेन प्लग सैल करून अर्धा लिटर काचेच्या बाटलीत घ्या. दोन थर दिसले तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. काळपट शेवाळासारखा थर आला तर डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढली आहे. ती नुसत्या फिल्टर बदलण्याने जात नाही, टाकी आतून धुवावी लागते. बायोडिझेल म्हणून रस्त्याकडेला विकलं जाणारं स्वस्त इंधन भरलं असेल तर पुढचे दोन फिल्टर ठरलेल्या मुदतीआधीच बदला आणि रबरी पाइप तपासा. या काळात गाडी रात्री टाकी भरून उभी केली तर वरच्या मोकळ्या जागेत दव कमी धरतं.

काम संपल्यावर

त्याच चढावर, तेवढाच माल भरून, चारही आकडे पुन्हा घ्या. ते रंगाने फिल्टरच्या डोक्यावर किंवा गाडीच्या वहीत तारखेसह लिहा, सोबत फिल्टर बदलल्याचे किलोमीटरही. पुढच्या वेळी ०.२ किलोची घसरणही लगेच पकडता येईल. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बॅन्जो बोल्ट एकदा पान्याने तपासा. नवे तांब्याचे वायसर पहिल्या गरम-थंड होण्यात थोडे बसतात. आवळताना पान्याला पाइप लावून जोर करू नका, पोकळ बोल्ट भोकापाशी तुटतो आणि त्याचा अर्धा तुकडा पंपाच्या अॅल्युमिनियम बॉडीत अडकून राहतो.